टर्मिनलमधला मेदूवडा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख प्लेसमेंटबद्दल नाही. अ‍ॅप्टिट्यूडच्या टिप्स, ग्रुप डिस्कशनमध्ये टाय कसा बांधावा, 'माझा यशाचा प्रवास' असलं काही हवं असेल तर सरळ चार पानं पुढे जा, तिथे दरवर्षीप्रमाणे सगळं आहे. मी इथे वकिली करणार आहे ती एका संपूर्ण निरुपयोगी गोष्टीची. सी भाषेत मुद्दाम, ठरवून, कुणालाही वाचता येऊ नये असा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याने टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर साध्या अक्षरांची हलती चित्रं काढायची. बस, एवढंच. त्याचा डेटाबेसशी संबंध नाही, क्लायंट नाही, रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नाही.

वकिली करायची वेळ का आली, तर लॅबच्या दारावर लागलेली नोटीस. 'अभ्यासक्रमाबाहेरील प्रोग्रॅम चालवताना आढळल्यास टर्मवर्कचे गुण कापले जातील.' नोटिशीमागचं रामायण हॉस्टेलला पाठ आहे, स्टाफसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सवर फायलींची यादी बघायला 'एलएस' टाइप करतात. घाईत बोटं उलटी पडली की होतं 'एसएल'. तोयोदा मासाशी नावाच्या जपानी गृहस्थांनी या चुकीसाठी एक प्रोग्रॅम लिहून ठेवलाय: 'एसएल' टाइप केलं की पडद्यावर उजवीकडून डावीकडे धूर सोडत अक्षरांचं वाफेचं इंजिन जातं. मधेच कंट्रोल-सी दाबून ते थांबत नाही. गाडी पूर्ण जाईपर्यंत फाटकात उभं राहायचं. आपल्याकडच्या कुणा महाभागाने एका ओळीत बरोबर असलेल्या 'एलएस'लाच ही गाडी जोडली, तीही लॅबच्या सगळ्या मशीनवर, आणि तीही ऐन प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये हात घालणं चूकच. त्याला जी काय शिक्षा झाली त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शिक्षा झाली 'दुसऱ्याच्या मशीनशी खेळण्या'ची आणि बंदी आली 'खेळण्या'वर. माझा वाद इथे आहे.

हा खेळ म्हणजे नेमकं काय ते न बघता त्याला टाइमपास म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणून जरा उघडून दाखवतो. उदाहरण घेतो ते सगळ्यात गाजलेलं, 'डोनट डॉट सी'. अँडी स्लोन या प्रोग्रॅमरने २००६ मध्ये लिहिलेला. सोर्स कोडच कडं घातल्यासारखा गोल रचलाय, मधे भोक सोडून. चालवला की टर्मिनलमध्ये एक डोनट दोन अक्षांभोवती फिरायला लागतो, त्यावर उजेड-सावलीही पडते. डोनट आपल्या मेसमध्ये मिळत नाही, तेव्हा मी यापुढे त्याला मेदूवडा म्हणणार आहे. आकार तोच. गणितही तेच.

आत काय आहे? पडदा धरलाय ८० रकाने गुणिले २२ ओळी, म्हणजे १७६० घरं. दोन अ‍ॅरे, दोन्ही १७६०चे. एकात कुठल्या घरात कुठलं चिन्ह छापायचं ते, दुसऱ्यात त्या घरातला वड्याचा बिंदू आपल्यापासून किती जवळ आहे ते. मग दोन लूप. बाहेरचं ० ते ६.२८, पायरी ०.०७. आतलंही ० ते ६.२८, पायरी ०.०२. (६.२८ बघून ज्याला दोन पाय आठवत नाही त्याने एम-वनचा पेपर परत द्यावा.) बाहेरचं लूप वडा मधोमध कापल्यावर जो छोटा गोल दिसतो त्याच्या कडेने फिरतं, आणि आतलं तो छोटा गोल भोकाभोवती फिरवतं. छोट्या गोलाची त्रिज्या १, तो भोकाच्या मध्यापासून २ अंतरावर. अशाने प्रत्येक फ्रेमला वड्याच्या अंगावरचे सुमारे २८ हजार बिंदू मोजले जातात.

आता प्रत्येक बिंदू पडद्यावर कुठे पडेल? लांबचं लहान दिसतं, हे आपल्याला चौथीत चित्रकलेत शिकवलेलं. इथे ते एका भागाकारात येतं: एक भागिले खोली. आडवी जागा काढताना या संख्येला ३० ने गुणलंय आणि उभी काढताना १५ ने. पहिल्यांदा बघताना वाटतं की हे आकडे कुठून आले? तर टर्मिनलमधलं अक्षराचं घर चौरस नसतं, रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं. दोन्हीकडे ३० घातले तर वडा उभा ताणून दुधी भोपळा होतो. मी करून बघितलंय, छान दिसतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे खोलीचा अ‍ॅरे. एकाच घरात वड्याची पुढची बाजूही येते आणि मागचीही, त्यातली पुढची ठेवायची. ग्राफिक्सच्या पुस्तकात याला झेड-बफर म्हणतात, आणि तिथे सुरुवातीला प्रत्येक घरात 'अनंत अंतर' भरून ठेवायला सांगतात. स्लोनने अंतर साठवलंच नाही, 'एक भागिले अंतर' साठवलं. मग अनंत अंतर म्हणजे काय? शून्य! एका मेमसेटमध्ये ७०४० बाइट शून्य केले (१७६० फ्लोट, प्रत्येकी ४ बाइट) की सगळा पडदा अनंतावर. तो आकडा बघून 'हा ७०४० कुठला रे' असं म्हणत आमच्या विंगमध्ये एक अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि उलगडल्यावर जो आनंद झाला तो इंजिनिअरिंग ग्राफिक्स सुटल्याच्या आनंदापेक्षा फार कमी नव्हता.

सावलीसाठी बारा चिन्हं आहेत, अंधारापासून उजेडाकडे: .,-~:;=!*#$@ अशी. वड्याच्या पृष्ठभागाचा रोख आणि प्रकाशाचा रोख यांचा डॉट प्रॉडक्ट, गुणिले ८. बाराच का? प्रकाशाचा सदिश घेतलाय त्याची लांबी रूट दोन आहे. आठ गुणिले रूट दोन म्हणजे अकरा पूर्णांक काहीतरी, म्हणून इंडेक्स जास्तीत जास्त ११. शून्यापासून मोजा, बारा होतात. उत्तर ऋण आलं तर उजेड पलीकडच्या बाजूला, अशा वेळी शून्य धरायचं, म्हणजे टिंब.

शेवटी छपाई. प्रत्येक ऐंशीव्या जागी चिन्हाऐवजी १० छापायचा, कारण १० म्हणजे नवी ओळ. आणि दर फ्रेमच्या सुरुवातीला एस्केप, चौकोनी कंस, एच. हा टर्मिनलला दिलेला हुकूम: कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात ने. पडदा पुसायचा नाही, जुन्या चित्रावरच नवं लिहायचं. टर्बो सीच्या जमान्यात आपल्या सीनियर्सनी क्लिअरस्क्रीन आणि डिले वापरून जे चेंडू उडवले ते लुकलुकायचे, ते यामुळेच: पुसणं आणि लिहिणं यांच्या मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. हे एस्केप कोड लोकांच्या हाती रुळले ते डीईसी कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे. त्याचे रकाने ८०, ओळी २४. हे ८० आले आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डाकडून. म्हणजे मेदूवड्याच्या कोडमधला ८० हा आकडा शंभरीला आलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याची आठवण आहे.

आता मला सांगा, या एका पानभर कचऱ्यात त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, परस्पेक्टिव्ह, झेड-बफर, मेमरीची मांडणी आणि टर्मिनलचा इतिहास एवढं सगळं बसलं. आपल्या सबमिशनच्या जर्नलमध्ये काय असतं? बारा प्रोग्रॅम. पहिला फॅक्टोरियल, दुसरा फिबोनाची, शेवटचा फाइल हँडलिंग. गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेले, त्या जर्नलवाल्याने त्याच्या सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेले. व्हेरिएबलची नावं स्वच्छ, इंडेंटेशन सरळ, कॉमेंट जागच्या जागी. त्या वाचनीय कोडमधली एक ओळसुद्धा कुणी वाचलेली नसते! ओरलला एक्स्टर्नल विचारतात, 'यह लाइन क्यों लिखी?' आणि आपण छताकडे बघतो. कोड वाचता येण्यासारखा असणं आणि तो वाचला जाणं यात फार अंतर आहे. न वाचता येणारा कोड मात्र वाचावाच लागतो. त्याला वाचल्याशिवाय हातच लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या विंगमध्ये मराठी माध्यमातून आलेली बरीच पोरं आहेत. वर्गात ती बोलत नाहीत. प्रश्न इंग्रजीत विचारायचा म्हटलं की निम्मी हवा जाते, आणि उरलेली निम्मी शेजारचा कॉन्व्हेंटवाला हसला की जाते. या असल्या कोडमध्ये इंग्रजी नसतंच. व्हेरिएबल म्हणजे एकेक अक्षर, मधे नुसते कंस आणि प्रश्नचिन्हं. सगळेच अडाणी, सगळेच शून्यावर. वड्याचा तो ३० आणि १५ चा उलगडा ज्याने केला तो सेमिस्टरभर वर्गात एक वाक्य न बोललेला मुलगा होता. मेसच्या टेबलावर चमचा आणि खराखुरा मेदूवडा घेऊन त्याने आम्हाला दोन्ही लूपं समजावली. सांबार सांडलं, पण समजलं.

स्टाफकडून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. 'अशाने सवय बिघडते, उद्या कंपनीत असाच कोड लिहाल.' सर, हा आक्षेप हलका नाही. पण या खेळाची जी सगळ्यात जुनी स्पर्धा आहे ती निघालीच मुळी वाईट कोडला वैतागून. १९८४ मध्ये लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसल हे दोघे नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये युनिक्सच्या कामावर होते. बोर्न शेलचा सोर्स आणि 'फिंगर' कमांडचा सोर्स वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. स्टीव्ह बोर्न यांनी मॅक्रो वापरून सीला अल्गोलसारखं रूप दिलं होतं, ते चांगल्या हेतूनेच, पण दुसऱ्याने वाचायचं म्हणजे शिक्षा. मग या दोघांनी थट्टा म्हणून सी भाषेतल्या गूढ कोडची आंतरराष्ट्रीय स्पर्धा काढली. चांगली शैली का हवी हे उलट्या बाजूने दाखवणं हा तिचा उघड उद्देश. मधे चार वर्षं थांबून २०२४ ची म्हणून अठ्ठाविसावी झाली. १९८८ मध्ये ब्रायन वेस्टली यांनी एक प्रोग्रॅम दिला: सोर्समध्ये उणे आणि अंडरस्कोअर यांचा एक गोल, आणि प्रोग्रॅम त्या गोलाचंच क्षेत्रफळ मोजून पायची किंमत सांगतो. जास्त दशांश हवेत? मोठा गोल काढा! २०१२ मध्ये युसुके एंदोह यांचा अक्षरांचा द्रव आला. कुठलीही टेक्स्ट फाइल द्या, त्यातली हॅश चिन्हं भिंती होतात आणि बाकीची अक्षरं पाण्यासारखी खाली ओघळतात. प्रोग्रॅमला स्वतःचाच सोर्स दिला तर तो स्वतःच वितळतो. आमच्या मजल्यावर हे बघताना मेकॅनिकलवाले सुद्धा गप्प बसले होते, आणि फ्लुइड मेकॅनिक्सला त्यांना कुणी गप्प बसलेलं बघितलेलं नाही.

या स्पर्धेची मला पटलेली गोष्ट म्हणजे कोडबरोबर लेखकाचं टिपणही छापतात. कोडं घालायचं आणि उत्तरही द्यायचं. स्लोनने सुद्धा २०११ मध्ये वड्याचं सगळं गणित बैजवार लिहून काढलं. ज्याला साधा कोड नीट येत नाही त्याला गूढ कोड लिहिताच येत नाही, कारण आधी सरळ चालणारा लिहावा लागतो, मग तो पिळायचा. म्हणजे सवय बिघडायची तर आधी ती असावी लागते.

खरी भीती वेगळीच आहे, आणि नोटिशीत तिचा उल्लेख नाही. न वाचता येणारा कोड कुणी दिला आणि आपण तो 'बघू काय होतं' म्हणून चालवला, तर? बॅशमध्ये एक प्रसिद्ध ओळ आहे, त्यात एकही अक्षर नाही, नुसते कंस, कोलन आणि इतर खुणा. जारोमिल या इटालियन प्रोग्रॅमर-कलावंताने २००२ मध्ये ती कलाकृती म्हणून मांडली होती. ती चालवली की प्रोग्रॅम स्वतःच्या दोन प्रती काढतो, त्या प्रती आणखी दोन-दोन, आणि मशीन काही क्षणांत गारद. (लॅब असिस्टंट काकांसाठी: 'यूलिमिट' लावून प्रत्येक लॉगिनच्या प्रोसेसवर मर्यादा घाला, पाच मिनिटांचं काम आहे.) आणि याच्याही पुढचा प्रकार आहे. स्कॉट क्रेव्हर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या अंडरहँडेड सी स्पर्धेत कोड अगदी स्वच्छ, सोज्वळ, वाचनीय लिहायचा आणि त्यात लबाडी अशी लपवायची की तपासणाऱ्याला दिसू नये. ते नमुने वाचल्यापासून मला वेड्यावाकड्या कोडपेक्षा साळसूद कोडची जास्त धास्ती वाटते. वेडावाकडा निदान ओरडून सांगतो की माझ्यावर विश्वास ठेवू नका. तेव्हा नोटीस लावायचीच असेल तर 'न समजलेला कोड चालवू नये' अशी लावा. मीच सुवाच्य अक्षरात लिहून देतो. फक्त मग जर्नलमधले बारा प्रोग्रॅमही त्यात येतात, ते बघून घ्या.

आता आमच्या विंगमध्ये सध्या काय चाललंय ते. कुणीतरी म्हणालं, वड्याची सावली मराठी अक्षरांनी का काढू नये? बारा चिन्हांच्या जागी अनुस्वारापासून 'ज्ञ'पर्यंत बारा मराठी अक्षरं घातली. पडद्यावर आले नुसते चौकटीतले प्रश्नचिन्ह. बरोबरच आहे: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि वड्याचा कोड एकेक बाइट उचलतो. म्हणजे एक तृतीयांश 'क' छापायला निघालेला. ते वाइड कॅरेक्टरने सोडवलं. मग हाव वाढली. 'गणपती बाप्पा मोरया' ही पाटी टर्मिनलमध्ये सरकवायची ठरली आणि तिथे खरी गंमत सुरू झाली.

'बाप्पा' हा शब्द घ्या. आपण म्हणतो दोन अक्षरं. संगणक म्हणतो सहा चिन्हं: ब, काना, प, हलन्त, प, काना. म्हणजे १८ बाइट. टर्मिनलमधली घरं किती? ते कुणाला विचाराल त्यावर. अक्षराची रुंदी सांगणारं एक फंक्शन मार्कस कून यांनी लिहिलं, पुढे अनेकांनी तेच उचललं. त्याच्या हिशेबात उकार आणि हलन्त यांची रुंदी शून्य, पण काना आणि वेलांटीची एक. म्हणजे 'कु' एका घरात मावतो आणि 'का' ला दोन लागतात. त्या हिशेबाने 'बाप्पा' पाच घरांचा. फॉन्टमध्ये दिसतो वेगळाच. पाटी डावीकडे सरकताना 'ब' बाहेर पडतो आणि त्याचा काना एका ठिपक्यांच्या गोलाला लटकून एकटाच मागे राहतो. पहिली वेलांटी तर त्याहून द्वाड: साठवली जाते अक्षरानंतर, दिसते अक्षराआधी. त्यामुळे एकेक चिन्ह सरकवलं की शब्द पुढे जाता जाता मागे उडी मारतो. युनिकोडच्याच नियमाने 'प्पा' चे 'प्' आणि 'पा' असे दोन तुकडे पडत होते. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत तो नियम सुधारला आणि देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरलं गेलं. पण टर्मिनलवाल्यांपर्यंत सुधारणा पोचायला वेळ लागतो. पंचकार्डाचे ८० रकाने ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांसमोर जोडाक्षर नव्हतं, आणि त्याचा हिशेब आपल्याला इथे हॉस्टेलमध्ये चुकता करावा लागतोय. हा प्रश्न कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? आणि मराठी येणाऱ्या इंजिनिअरनी तो हातात नाही घेतला तर कोण घेणार?

सध्या आम्ही पाटीचे आधी अक्षरशः तुकडे पाडतो, आपण बाराखडीत मोजतो तसे, आणि एका वेळी एक अख्खं अक्षर सरकवतो. 'गणपती' नीट जातो. 'मोरया' जातो. 'बाप्पा' अजून जरा अडखळतो, एका टर्मिनलमध्ये ठीक आणि दुसऱ्यात प्पाच्या मागे एक रिकामं घर सोडून.

म्हणून विभागाकडे एक साधी मागणी आहे. यंदाच्या टेक्निकल फेस्टमध्ये रोबो-रेस आणि क्विझच्या जोडीला हा एक इव्हेंट ठेवा. लॅबचा एक कोपरा, चार मशीन, शनिवारी दुपारी दोन तास. कोड स्वतःचा, ८० ओळींच्या आत, टर्मिनलमध्ये काहीतरी हललं पाहिजे. निम्मे गुण कोडचे आणि निम्मे फळ्यावर दहा मिनिटांत तो उलगडून सांगण्याचे, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जमेल त्या भाषेत. सांगता आलं नाही तर वडा कितीही छान फिरो, बाद. परीक्षक म्हणून नोटिशीवर ज्यांची सही आहे तेच सर आम्हाला हवेत. आणि 'बाप्पा'चं ते रिकामं घर कुणाला बुजवता येत असेल, तर सी विंग, दुसरा मजला, दार उघडंच असतं. मेसच्या वेळेत मात्र येऊ नका, सोमवारी मेदूवडा असतो.